घरात भात होता, तांदूळ नव्हता

चौथ्या दिवशी सकाळी आई कणगीत वाकून बघत होती. कणगी निम्म्याहून जास्त भरलेली. चुलीवर आधण आलेलं, आणि त्यात वैरायला घरात तांदूळ नव्हता.

घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे भात म्हणजे साळ, टरफलासकट. भात गिरणीत नेऊन भरडून आणला की तो तांदूळ. गिरणी आमच्या घरापासून दोनशे पावलांवर, विजेवर चालणारी. आणि वीज ३ जून २०२० च्या दुपारी गेली, ती आमच्या वाडीत परत यायला सव्वीस दिवस लागले.

निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, असं हवामान खात्यानं सांगितलं. आम्ही श्रीवर्धन तालुक्यातले. आम्हाला तेव्हा आकडा कळला नाही, आवाज कळला. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आधी वाकतात, मग सरळ होतात, परत वाकतात, आणि मग एका झोतात मधोमध मोडतात. काडेपेटीतली काडी मोडल्यासारखा आवाज, फक्त शेकड्यांनी. आमच्या चौदा गुंठ्यांत अडीचशेच्या आसपास पोफळी होत्या. संध्याकाळी बाबांनी मोजल्या तेव्हा उभ्या एकतीस.

मी तिथं होतो तो टाळेबंदीमुळे. मे महिन्यात ठाण्याहून निघालो, गावच्या शाळेत तिसरीच्या वर्गात चौदा दिवस विलगीकरणात काढले, आणि मग घरी आलो. पाटावर लॅपटॉप ठेवून ऑफिसचं काम करायचो. त्याआधीची तीन-चार वर्षं मला एक खोड लागली होती. रात्री उशिरापर्यंत मी औद्योगिक जग कसं आणि कधी कोसळेल यावरचं मिळेल ते वाचायचो. तेल, खनिजं, हवामान, कर्ज, लोकसंख्या. त्या वाचनातलं कोसळणं नेहमी भव्य असायचं. ओस पडलेली शहरं, डबाबंद अन्नाचे साठे, तळघरं. आईला कणगीत वाकलेली बघेपर्यंत मला सुचलंच नव्हतं की कोसळणं हे असंही असू शकतं: माल आहे, भूक आहे, आणि मधलं काहीतरी नाही.

पाण्याचं तेच. विहीर काठोकाठ नाही, पण भरलेली. पूर्वी तिच्यावर रहाट होता, रेड्यानं फिरवायचा. पंप आला, मग पालापाचोळा पडतो म्हणून २००९ साली आम्ही वर काँक्रीटचा स्लॅब घातला आणि दीड फुटांची लोखंडी झडप ठेवली. आत पाणबुडी मोटर. त्या झडपेतून पोहरा सोडायचा तर कप्पी कशाला अडकवणार? पोहराच नव्हता, तो पुढचा प्रश्न. शेवटी शेजारच्या काकूंकडे सापडला, तुळशीवृंदावनाजवळ, त्यात अबोली लावलेली. काकूंनी अबोली उपटली, माती झटकली, पोहरा माझ्या हातात दिला. तळाला पाण्याचा निचरा व्हायला पाडलेली तीन भोकं होती, ती एमसीलनं बुजवली. दोर कोळीवाड्यातून आणला, नायलॉनचा, बोटीवरचा. पाच-सहा कळश्या ओढेपर्यंत माझे तळहात सोलले होते. बाबा पंचाहत्तरीचे, बाजूला उभे राहून म्हणाले, "हातानं ओढू नको, कमरेनं ओढ." हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

तांदळाचं काय केलं? आमच्या माजघरात जमिनीत पुरलेलं उखळ होतं. २००४ साली फरशी घातली तेव्हा ते फरशीखाली गेलं. आई एका फरशीवर पाय आपटून म्हणाली, "इथं आहे." मुसळ माळ्यावर होतं. मग पुन्हा काकूंचंच उखळ, त्यांनी परसात उघडं ठेवलेलं. मी अर्धा तास कांडलं आणि निम्म्याच्या वर कणी केली. आई आणि काकू समोरासमोर उभ्या राहिल्या, दोन मुसळं एकाआड एक पडायला लागली, आणि माझ्याहून निम्म्या वेळात अख्खा तांदूळ निघाला. दोघींनी शेवटचं कांडलं त्याला चाळीस वर्षं तरी झाली असतील. नवव्या दिवशी गिरणीवाल्यानं कुठूनतरी डिझेल जनरेटर आणला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद या दोघींनाच झाला, हेही नोंदवून ठेवतो. कांडण्याच्या ओव्या ऐकायला फार गोड लागतात. खांदे कुणाचे दुखतात ते ऐकणाऱ्याला दिसत नाही.

५ जूनला वटपौर्णिमा होती. गावातला वड मुळासकट आडवा. बायका गेल्या, फेरे घालणं शक्यच नव्हतं, मग एकेका फांदीला सूत बांधून आल्या. आई घरी येऊन एवढंच म्हणाली, "यंदा त्यालाच आपली गरज होती."

पैशाचंही मधलं तुटलं होतं. एटीएम बंद, मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे फोनवरून पैसे देणं बंद. चार्जिंगला जनरेटरवाला फोनमागे वीस रुपये घ्यायचा, पण ते वीस रुपये रोख हवे. वाण्यानं वही काढली. ज्यांचं खातं पूर्वीपासून वहीवर होतं त्यांना माल बिनबोभाट मिळाला. मी गेली काही वर्षं गावी आलो की फोननंच पैसे द्यायचो, माझं नाव वहीत नव्हतं. वाणी मान वर करून म्हणाला, "तात्यांच्या नावावर लिहितो." तात्या म्हणजे माझे बाबा. छेचाळिसाव्या वर्षी बापाच्या खात्यावर साखर आणली.

वायरमन मात्र विसरता येत नाहीत. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पोरं, भर पावसात, खांब खांद्यावर घेऊन चिखलातून चालत होती, कारण गाडी जायला रस्ता मोकळा नव्हता. औद्योगिक समाज या शब्दाचा अर्थ मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्यांच्याकडे बघून जास्त कळला. आमचं कोसळणं सव्वीस दिवसांत संपलं, कारण बाहेरचं जग उभं होतं. खांब कुठंतरी तयार होत होते, तारा कुठंतरी ओढल्या जात होत्या, कुणाचा तरी पगार वेळेवर निघत होता. बाहेरचंही पडलेलं असेल तर? त्या रात्रीच्या वाचनातला प्रश्न खरं तर एवढाच होता.

१९७२ साली अमेरिकेत एमआयटीतल्या एका गटानं जगाचं एक गणित संगणकावर मांडलं होतं. लोकसंख्या, अन्न, कारखानदारी, प्रदूषण आणि जमिनीतली साधनसंपत्ती, या पाच गोष्टी एकमेकींना कशा ढकलतात ते. आहे तसंच चालू ठेवलं तर एकविसाव्या शतकात कधीतरी वाढ थांबते आणि उतार लागतो, असं त्यातून निघालं. त्यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे, तो मी इथं सोडवत बसणार नाही. मला त्यातली उताराची रेषा महत्त्वाची वाटते. ती कड्यासारखी नाही, घाटासारखी आहे. वळणावळणाची, काही दशकांची. जोसेफ टेंटर या अमेरिकी अभ्यासकानं १९८८ साली वेगळ्या बाजूनं तेच धरलं: समाज प्रत्येक अडचणीवर गुंतागुंतीची एक नवी पायरी चढून उत्तर काढतो, आणि प्रत्येक पुढची पायरी महाग पडत जाते, मिळकत मात्र कमी कमी. आमच्या विहिरीचं हे चरित्रच आहे. रहाट, मग पंप, मग पंपाला स्टार्टर, विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून आणखी एक पेटी, मग पाणबुडी मोटर, मग ती वर काढायला तालुक्याहून येणारा माणूस. पाणी तेवढंच.

बाबांना हे सांगायला गेलो तर ते म्हणाले, "मला नको सांगू. माझं एकदा कोसळून झालंय."

बाबा मुंबईत लालबागच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गावच्या मंडळींनी तिथं घेतलेल्या खोलीत वीसेक जण, पाळीपाळीनं झोपायचं, जेवण खाणावळीत, भोंग्यावर दिवस. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. त्या संपाचं आजही मला नवल वाटतं ते एका गोष्टीचं: तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबा सांगतात, कुणी येऊन संपलं म्हणून सांगितलं नाही. होळीनंतर चालू होईल, पावसाळ्यानंतर चालू होईल, दिवाळीला तरी होईल. असं करत करत माणसं एकेक करून एसटीनं गावी उतरली. बाबा उतरले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आणि मला तो दिवस आनंदाचा म्हणून आठवतो. मनिऑर्डर यायची बंद झाली होती हे मला कुठून कळणार?

त्या वेळी आम्हाला तारलं ते आजोबांच्या वाडीनं, आणि वाडीला तारलं रहाटानं. दाती चाकांचा आवाज पहाटेपासून यायचा, कुरकुर आणि मग लोट्यांतलं पाणी पन्हळीत पडल्याचा एक ओला ठोका. डोळ्यांवर झापड बांधलेला रेडा गोल फिरायचा आणि त्याच्या मागे काठी घेऊन मी. पाणी पाटानं आळ्या-आळ्यांत जायचं. चार वर्षांनी वीज वाडीत आली, पंप बसला. रहाटाचं लाकूड दोन थंडीत न्हाणीच्या बंबात गेलं. कुणाला वाईट वाटलं नाही. मला तर मुळीच नाही, मी सुटलो होतो. आता हिशेब करतो तेव्हा वाटतं, १९८२ ला वरची पायरी मोडली तेव्हा खालची शाबूत होती म्हणून आम्ही उतरू शकलो. २०२० ला वरची मोडली तेव्हा खालची आम्हीच आंघोळीला जाळून टाकलेली होती.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, मी ठाण्याला परतल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. आम्ही चौदाव्या मजल्यावर. गावात पाणी फार तर वीस फूट खाली होतं, इथं चौदा मजले, आणि दोर सोडायला झडपही नाही. त्या दिवशी मी एक गोष्ट शोधून काढली जी मला आजही चैन पडू देत नाही. कोळशावरचं वीजकेंद्र एकदा पूर्ण बंद पडलं की त्याला पुन्हा चालू व्हायलाच वीज लागते, पंपांना, पंख्यांना, कोळसा दळायच्या यंत्रांना. म्हणून मोठं ग्रीड, म्हणजे केंद्रांना जोडणारं विजेचं जाळं, झोपलं की आधी पाण्यावरची केंद्रं जागी करतात, कारण वरून पडणाऱ्या पाण्याला कुणाची परवानगी लागत नाही. तिथून थोडी थोडी वीज नेत एकेक केंद्र उठवायचं. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीडं एकाच दुपारी कोसळली, साठ कोटींच्या आसपास लोकांच्या घरात अंधार झाला, तेव्हा हाच उद्योग करावा लागला होता. म्हणजे एवढ्या प्रचंड यंत्रालाही खालची एक पायरी जपून ठेवावी लागते. ते इंजिनिअर ती जपतात. आम्ही फरशी घातली.

आता इथं मला स्वतःलाच थांबवलं पाहिजे, कारण हा लेख 'जुनं ते सोनं'च्या गल्लीत शिरायला लागलाय. जुनं म्हणजे काय? वादळात आमची मंगलोरी कौलं उडाली आणि लोक हळहळले, 'जुनी कौलारू घरं गेली' म्हणून. ही कौलं भाजायचा पहिला कारखाना मंगलोरला जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ साली काढला. त्याआधी आमच्यासारख्यांच्या घरांवर पेंढा असायचा. रॉकेलचा कंदील, नायलॉनचा दोर, पत्र्याचा पोहरा, सगळं कारखान्याचं. मी ज्याला खालची पायरी म्हणतो तीही बहुतेक वेळा यंत्रयुगाचीच, फक्त दोन पिढ्या मागची. आणि भाताचं म्हणाल तर आमच्याच जिल्ह्यात थळला नैसर्गिक वायूपासून युरिया होतो. तो जमिनीत पडला नाही तर कणगी निम्मीही भरणार नाही. जगातली जवळपास निम्मी माणसं अशा कारखान्यातल्या नत्रावर जगतात असा अंदाज आहे. त्यांना खालची पायरी कुठली दाखवणार?

आणखी एक. आजीला सात मुलं झाली, तीन जगली. आणि विहिरींचं बोलायचं तर महाडचं चवदार तळं आमच्यापासून काही फार लांब नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथं पाणी प्यायले, ते तहान लागली म्हणून नव्हे. जुन्या काळाकडे जाणाऱ्या वाटेवर ते तळं लागतंच, त्याला वळसा घालता येत नाही. निसर्गच्या वेळी आमच्या विहिरीवर सगळी आळी आली, पाणी सगळ्यांनी भरलं. पण कोण झडपेजवळ उभं राहून स्वतः ओढत होतं आणि कोण कळशी ठेवून चार पावलं मागे उभं राहत होतं, ते मी पाहिलं. 'तुम्हीच घ्या की' असं म्हणायला मला तीन दिवस लागले. पंप चालू असताना नळाला हात कुणाचा लागला हे कुणी बघत नव्हतं. यंत्रानं दिलेली ही सूट यंत्राबरोबर जाणार असेल, तर तयारीच्या यादीत दोराच्या आधी हे यायला हवं.

क्युबाचं उदाहरण असल्या चर्चांत हमखास येतं. १९९१ ला सोव्हिएत संघ मोडला, तेल आणि खत यायचं बंद झालं. तिथल्या सरकारनं चीनकडून दहा लाखांवर सायकली आणल्या, शहरांतल्या मोकळ्या जागांत भाज्या लावल्या. लोक वाळले, दिवसदिवस वीज नसायची, त्याची आरती कुणी ओवाळू नये. पण एक तपशील मला धरून ठेवतो. ट्रॅक्टर उभे राहिल्यावर बैल हवे होते, आणि बैल मिळाले तरी त्यांना जू मानायला शिकवणारी माणसं हवी होती. ती म्हातारी झालेली होती. त्यांना शोधून काढून तरुणांना शिकवायला लावलं. माणसं अजून जिवंत होती, एवढंच नशीब.

हे वाचूनच मी बाबांना घेऊन शेजारच्या गावातल्या एका सुताराकडे गेलो. वय पंच्याऐंशीच्या पुढे. पंचक्रोशीतले रहाट त्यांच्या घरानं केलेले. माझ्या डोक्यात होतं की मापं विचारावीत, आराखडा काढून ठेवावा. वही-पेन घेऊन बसलो. मापं त्यांच्याकडे विती आणि मुठींत.

"विहीर किती खोल?"

"वीस-बावीस फूट."

"वैशाखात पाणी कुठं लागतं?"

मला माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं.

"रेडा खांद्याला किती उंच?"

"रेडा नाही."

"मग बैल?"

"तोही नाही."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "मग रहाट कोण फिरवणार? तू?" आणि आतल्या बाजूला तोंड करून सुनेला म्हणाले, "चहा टाक गं, ठाण्याचे पाहुणे आलेत."

रहाट झाला नाही. त्याच्या पाठीमागे रेडा, रेड्याच्या पाठीमागे वैरण, वैरणीच्या पाठीमागे पडीक टाकलेली वरकस जमीन आणि राखण करणारं पोर, असं सगळं यायला हवं होतं. झालं ते एवढंच: उखळावरची फरशी काढली, आई आता तिथं ठेचकाळते आणि मला बोल लावते. स्लॅब कापून अर्धी विहीर उघडी केली, लोखंडी कमान उभी करून कप्पी टांगली. छपरावर सौर पॅनेल घेतलं, दोन दिवे आणि फोन चालतील एवढं, बॅटरी पाच वर्षांत मरणार हे ठाऊक असून. फोन नंबर कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवले. आणि वाण्याकडे वहीत माझं नाव घातलं. खिशात पैसे असून मी मुद्दाम उधार घेतो आणि महिन्याअखेरीला फेडतो. बायकोला हे वेड वाटतं. वाण्यालाही वाटत असावं, पण तो लिहून घेतो.

पोफळी मात्र लावायच्याच होत्या. रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-आठ वर्षं. बाबांचं वय बघता ही लागवड त्यांच्यासाठी नव्हतीच. त्यांच्या मनात होतं की यंदा अंतर वाढवावं, बारा-बारा फुटांवर लावाव्यात, मधे जायफळ. त्यासाठी त्यांनी बांबूची बारा फुटी काठी तासून घेतली होती. पहिल्या ओळीचे खड्डे मारताना आमचा सुपारी काढणारा आला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, वादळाआधी तो सकाळी एका पोफळीवर चढला की जेवायच्या वेळेलाच खाली उतरायचा. घोस काढला की शेंड्याला झोका द्यायचा, पोफळ वाकायची, पलीकडची हाताला लागायची, की हा तिच्यावर. अडीचशे झाडांच्या वाडीत तो वरच्या वर फिरायचा. उरलेल्या एकतीस झाडांना मात्र त्याला प्रत्येक वेळी खाली उतरून पुन्हा चढावं लागत होतं, आणि पहिल्याच वर्षी त्यानं झाडामागे दर वाढवून मागितला होता. बाबांनी दिला.

काठी बघून तो म्हणाला, "हे किती धरलंत तात्या?"

"बारा फूट."

"नऊच्या वर नको. हात पोचायचा नाही."

"तुझा हात? ही धरायला लागतील तेव्हा तू साठीचा असशील. तुझा पोरगा चढतो का?"

"तो महाडला कंपनीत आहे."

"मग चढणार कोण?"

"ते मी काय सांगू? पण बारावर लावलीत तर कुणीच नाही चढणार."

बाबा थोडा वेळ काठीकडे बघत राहिले. मग त्याच्याच कमरेचा कोयता मागून घेतला, मुठींनी मोजून तीन फूट तोडून टाकले, आणि पहिल्या ओळीचे खड्डे बुजवायला मला हाक मारली.